‘बरा होणे’ आणि ‘बरे वाटणे’ : असाध्य आजारातील समाधानाची भाषा

आजारातून सुटका झाल्याचे सांगावयास मराठीत दोन वाक्यरचना आहेत. ‘तो बरा झाला’ ही एक आणि ‘त्याला बरे वाटते’ ही दुसरी. पहिल्या वाक्यात रुग्ण प्रथमेत असतो आणि ‘बरा’ हे विशेषण त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : ती बरी झाली, मुले बरी झाली. दुसऱ्या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत जातो, ‘बरे’ नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते आणि क्रियापद ‘होणे’ नसून ‘वाटणे’ असते. एरवी ही दोन वाक्ये एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, म्हणून त्यांतील भेदाकडे लक्ष जात नाही. परंतु ज्याचा आजार बरा होण्याजोगा उरलेला नाही अशा माणसाच्या बाबतीत त्यांची फारकत होते. तो बरा होणार नाही. पण त्याला बरे वाटू शकते. या दुसऱ्या वाक्याला मरणाच्या दारातही किती अर्थ असतो, आणि आपण तो आपल्या बोलण्याने कसा वाया घालवतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इंग्रजीत याच भेदासाठी दोन स्वतंत्र क्रियापदे योजावी लागतात : ‘क्युअर’ आणि ‘हील’. त्यांपैकी ‘हील’ हा शब्द ‘होल’ म्हणजे ‘अखंड’ या शब्दाचा सगोत्र आहे. आधुनिक वैद्यकात या दुसऱ्या क्रियापदाला पुन्हा स्थान मिळाले ते मुख्यतः सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांच्यामुळे. या बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ साली, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषालय उघडले. रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे बोलतात ते त्या टिपून ठेवीत. एकीने त्यांना सांगितले की दुखणे पाठीतून सुरू झाले खरे, पण आता आपले सारेच बिघडले आहे असे वाटते. अशा निवेदनांतून १९६०–७० च्या दशकात त्यांनी ‘सर्वंकष वेदना’ ही संकल्पना मांडली : शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अशी चार अंगे असलेली, परंतु भोगणाऱ्याला एकच वाटणारी वेदना. मात्र हा केवळ तत्त्वविचार नव्हता. दुखू लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने तोंडावाटे मॉर्फिन देणे हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. जो माणूस वेदनेने पिळवटून निघत आहे त्याच्याशी आत्मिक समाधानाच्या गोष्टी करणे हा क्रूरपणा होय. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे अत्यंत अवघड झाले होते आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली, हेही याच संदर्भात ध्यानात ठेवावयास हवे. देशातील पहिले असे शुश्रूषालय १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. त्याचे ‘शांती अवेदना’ हे नावच अभ्यासण्याजोगे आहे : त्यात आरोग्याचे आश्वासन नाही, वेदनेच्या अभावाचे आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. रोग आणि दुखणे यांत मराठी माणूस सहज भेद करतो. रोग डॉक्टरला सापडतो. दुखणे माणसाला येते. ‘दुखण्यातून उठला’, ‘शेवटचे दुखणे’, ‘दुखणाईत’ या सर्व प्रयोगांत दुखणे म्हणजे रोगासह जगण्याचा एक संपूर्ण काळ आहे. अमेरिकन वैद्य एरिक कॅसेल यांनी १९८२ मध्ये एका महत्त्वाच्या निबंधात असे प्रतिपादन केले की यातना शरीराला होत नाहीत, व्यक्तीला होतात. आणि म्हणून शरीरावरील उपचार पूर्णपणे योग्य असूनही यातना वाढू शकतात. ‘रोग’ आणि ‘दुखणे’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की हा मुद्दा मराठी वाचकाला फार समजावून सांगावा लागत नाही. (आपल्या भाषेला हे सारे आधीच ठाऊक होते असा गर्व मात्र कोणी करू नये. शब्द असणे आणि त्यानुसार वागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा प्रत्यय पुढे येईलच.)

वेदनेच्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी केला. १९७१ मध्ये टॉर्गरसन या सहकाऱ्यासह त्यांनी वेदनावाचक इंग्रजी विशेषणांची वर्गवारी केली आणि १९७५ मध्ये तीवरून ७८ शब्दांची, २० उपगटांत विभागलेली प्रश्नावली सिद्ध केली. काही गट संवेदनेचे, काही भावनेचे, एक तीव्रतेच्या मापनाचा. अशी प्रश्नावली मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवून भागणार नाही, कारण मराठीची वेदनावाचक व्यवस्था निराळ्या तत्त्वावर उभी आहे. ठसठस, भगभग, चुरचुर, जळजळ हे अभ्यस्त शब्द पाहा : त्यांतील पुनरावृत्तीच सांगते की ही वेदना सतत चालू आहे. याउलट कळ, चमक, सणक, गोळा हे एकेरी शब्द येऊन जाणारी वेदना दाखवतात आणि त्यांची क्रियापदे बहुधा गतिवाचक असतात : कळ येते, चमक निघते, सणक जाते. ठणका नाडीच्या ठोक्यावर पडतो. रग फार वेळ एका स्थितीत राहिल्याने लागते. वेदना अखंड आहे की मधूनच उसळते, जाळते आहे की सणकत आहे, हे औषध ठरवताना डॉक्टरला नेमके हवे असते. खेड्यातून आलेली वृद्ध स्त्री ते एका शब्दात सांगत असते, आणि आपण तिला विचारतो, ‘आजी, दहापैकी किती दुखतं?’ आकड्याचा उपयोग आहेच. पण आकड्याने तिचा शब्द पुसला जाऊ नये.

भावनेच्या गटातील शब्दांकडे आले की आणखी एक गोष्ट दिसते. तगमग, घालमेल, काहिली, तळमळ या शब्दांचा धनी बहुतेक वेळा शरीर नसते, मनही नसते. तो ‘जीव’ असतो. जिवाची घालमेल होते, जीव कासावीस होतो, घाबरा होतो, नकोसा होतो; आणि संकट टळले की जीव भांड्यात पडतो. हा जीव म्हणजे तत्त्वज्ञानातला जीवात्मा नव्हे आणि नुसता प्राणही नव्हे. श्वास कोंडणे, मुलीच्या लग्नाची काळजी आणि पुढे काय होणार याचे भय ही तिन्ही ज्या एका ठिकाणी जाणवतात त्या ठिकाणाचे हे नाव आहे. साँडर्स यांची चार अंगे येथे वेगळी काढता येत नाहीत. ‘जीव कासावीस होतो’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला धाप लागली आहे की एकटे वाटते आहे हे विचारावेच लागते. पुष्कळदा उत्तर ‘दोन्ही’ असे असते.

‘स्वस्थ’ या शब्दाचा मराठीतील अर्थपालटही येथे उपयोगी पडतो. संस्कृतात स्वस्थ म्हणजे आपल्या ठायी असलेला, निरोगी. सुश्रुताने त्याची लक्षणे सांगताना आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही त्यांत धरली आहे. हिंदीने ‘निरोगी’ हा अर्थ कायम ठेवला. मराठीत मात्र शब्द शांततेकडे सरकला : ‘स्वस्थ बस’, ‘स्वस्थ झोपला आहे’, आणि उलट ‘अस्वस्थ’ म्हणजे बेचैन. परिणामी ‘मरणासन्न तरीही स्वस्थ’ हे वाक्य हिंदीभाषकाला विसंगत वाटेल. मराठीत ते सरळ अर्थाचे आहे.

एवढी शब्दसंपत्ती असूनही प्रत्यक्ष खाटेपाशी आपण बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘काही नाही, होशील बरा.’ रोगाचे नाव रुग्णापासून लपवलेले असते. कर्करोगाची ‘गाठ’ होते, गाठीची ‘सूज’ होते. भेटीला आलेले आप्त तेच बोलतात. (‘समाचार घेणे’ या प्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि काही पाहुणे दोन्ही अर्थांनी तो घेतात.) या लपवालपवीमागे माया असते हे नाकारता येत नाही, आणि सारे सत्य एका दमात अंगावर फेकणे ही तिची दुरुस्तीही नव्हे. परंतु ‘होशील बरा’ या वाक्याने पुढचे सर्व संभाषण बंद होते. रुग्णाला बहुधा कळलेले असते. घरच्यांनाही ठाऊक असते. आणि दोघेही एकमेकांना सांभाळत एकटे पडतात. ‘तुला बरं वाटावं म्हणून काय करू?’ हा प्रश्न त्याच शब्दांतून घडतो, त्यात असत्य काही नाही आणि आशाही आहे. होण्याचे वचन देता येत नाही. वाटण्याची चौकशी करता येते. भविष्यकाळी द्वितीयपुरुषी आश्वासन आणि चतुर्थीतील प्रश्न यांतला हा भेद परिचारिकांच्या शिक्षणात उदाहरणे देऊन शिकवण्यासारखा आहे.

या प्रश्नाची उत्तरे कित्येकदा अगदी लहान असतात. खाट खिडकीकडे वळवावी. धाकट्या भावाला बोलवावे. अमक्याचे पैसे द्यावयाचे राहिले आहेत ते द्यावे. अखेरच्या घटकेला प्राण रेंगाळू लागले की घरातील वडीलधारे म्हणतात, ‘कशात तरी जीव अडकलाय.’ मग कोणाची वाट पाहत आहेत, काय राहून गेले, याचा शोध सुरू होतो. या समजुतीकडे केवळ लोकभ्रम म्हणून पाहण्याचे कारण नाही. अपुरे राहिलेले नाते पुरे करण्याची ती कुटुंबाने पत्करलेली रीत आहे. दोष एवढाच की ती फार उशिरा, रुग्णाची वाचा गेल्यावर, आठवते. तिचे वेळेवर करावयाचे रूप ‘निरवानिरव’ या शब्दात आहे. निरवणे म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली करणे. निरवानिरवीत मालमत्ता येते, पण तिच्याबरोबर माणसेही येतात : आईला सांभाळा, हिचे शिक्षण पुरे करा. मृत्युपत्र कागदावर होते. निरवानिरव समोरासमोर होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने, अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तो कागदही घरात अशी बोलणी झालेली असली तरच उपयोगी पडतो.

‘आत्मिक’ या अंगाचे नाव ठरविताना मात्र मराठीची अडचण होते. ‘आध्यात्मिक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साधना, ग्रंथ, गुरू उभे राहतात. कोणाला नामस्मरणाने, कोणाला कलमा ऐकल्याने, कोणाला धर्मगुरूने तेल लावून केलेल्या प्रार्थनेने वा त्रिशरणाने धीर येतो, आणि तो मिळावयासच हवा. परंतु देव न मानणारा रुग्णही ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे विचारतोच. या प्रश्नासाठी ‘समाधान’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. सम् आणि आ हे उपसर्ग लागून ‘धा’ धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘नीट एकत्र ठेवणे’ असा आहे. शंकेचे उत्तर आणि मनाची तृप्ती हे दोन्ही अर्थ मराठीने त्यात राखले आहेत. शंकेचे उत्तर मिळाले नाही तरी ती शंका कोणाजवळ तरी मांडता आली एवढ्याने दुसरे समाधान लाभते, असा शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभव आहे.

राहता राहिले या शुश्रूषेचे मराठी नाव. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द लॅटिन ‘पॅलियम’ म्हणजे अंगावरचे वस्त्र यावरून आला. ‘परिहारक’ हा प्रतिशब्द अधिक वचन देतो, कारण परिहार म्हणजे निवारण; ‘उपशामक’ बरा आहे. पण चरकाने साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये आणखी एक पायरी सांगितली आहे, ती ‘याप्य’ : जो आजार जात नाही, पण उपचार चालू असेतो आवरलेला राहतो. ‘कालयापन’ या परिचित शब्दातला ‘यापन’ तो हाच. शब्द सुंदर आहे, तथापि त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. याप्याच्या पलीकडचा जो रोगी, त्याला हाती घेतल्यास वैद्याच्या यशाची हानी होते, असा इशारा तोच ग्रंथ देतो. आजची शुश्रूषा नेमकी तेथून पुढे सुरू होते, म्हणून ‘याप्य’ हे तिचे पुरे नाव होऊ शकत नाही. तूर्त ‘उपशामक शुश्रूषा’ हे नाव चालवावे, आणि खाटेपाशी त्याचीही गरज नाही. तेथे ‘दुखणे राहील, पण दुखणे कमी करू’ असे म्हटले तर नाम कोणते आणि क्रिया कोणती हे रुग्णाला बरोबर कळते.