गाडीमागे होडी: नाहूरकरांचा हिशेब

नाहूर स्टेशनच्या पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरं लागतात, त्यापुढे खारफुटी आणि मग ठाण्याची खाडी. पाणी इतकं जवळ असूनही इथल्या सोसायट्यांमध्ये स्वतःची होडी असलेलं घर विरळाच. गळाची हौस मात्र अनेकांना आहे. कुणी पवईच्या तलावावर बसतं, कुणी सुटीत अलिबाग-मुरुड गाठून ओळखीच्या होडीतून जिताड्याच्या मागे लागतं. अशा घरात सात आसनी गाडीचा विषय निघाला की एक विचार हमखास डोकं वर काढतो. एवढी मोठी गाडी घेतोच आहोत, तर मागे ट्रेलर जोडून आपलीच चौदा-पंधरा फुटी फायबरची होडी का नेऊ नये? ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले नातेवाईक नेतातच की!

नेता येते. पण त्यासाठी गाडीच्या किमतीआधी तीन गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो: वजन, कागदपत्रं आणि होडी पाण्यात उतरवायची जागा.

होडीचं खरं वजन

होडी विकणारा फक्त सांगाड्याचं वजन सांगतो. समजा तो ३०० किलोचा आहे. त्यावर २५ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड इंजिन साधारण ६० किलो, टाकीतलं पेट्रोल २० किलो, बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि बर्फाची पेटी मिळून ७० किलो, आणि खुद्द लोखंडी ट्रेलर २०० किलो. बेरीज ६५० किलो झाली. गाडी ओढणार ती ही बेरीज, ३०० नव्हे.

हा आकडा एका सीमारेषेच्या अगदी जवळ जातो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे ते सक्तीचे आहेत. ऑस्ट्रेलियातही ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलोच आहे. कारण सरळ आहे: ब्रेक नसलेला ट्रेलर थांबवण्याचं सगळं काम गाडीच्याच ब्रेकना करावं लागतं. खोपोलीच्या घाटात उतारावर ते किती तापतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सात माणसं की होडी?

बहुतेकांच्या हिशेबातून निसटते ती पुढची गोष्ट. ट्रेलरच्या दांडीचा काही भार गाडीच्या मागच्या हुकावर येतो. ऑस्ट्रेलियात तो ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के धरतात, म्हणजे आपल्या होडीचा ६५ किलो. हा भार फार कमी ठेवला तर वेग वाढताच ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला झोकांड्या खाऊ लागतो. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

हे ६५ किलो गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतात. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे तिची भारक्षमता. एखाद्या सात आसनी गाडीची ती ५५० किलो आहे असं धरू. माणशी ६८ किलोप्रमाणे सात जणांचे ४७६ झाले. हुकावरचे ६५ मिळवले की ५४१. उरले ९ किलो, आणि त्यात आठवड्याच्या सुटीचं सात जणांचं सामान! शिवाय तिसऱ्या रांगेतली माणसं, डिकीतलं सामान आणि हुकाचा भार हे सगळं एकाच मागच्या आसावर येतं. थोडक्यात, होडी जोडली की गाडी पाच जणांची झाली असं समजावं. आजी-आजोबांसकट सगळ्यांना न्यायचं, तर होडी घरी ठेवावी लागेल.

कोणती गाडी?

ओढकामाला दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे लॅडर फ्रेम, ज्यावर वेगळी बॉडी बसवलेली असते असा मजबूत लोखंडी सांगाडा. दुसरी म्हणजे मागच्या किंवा चारही चाकांना मिळणारी ताकद. ट्रेलर जोडल्यावर वजन मागे सरकतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या, शेवाळलेल्या उतारावर होडी वर खेचताना जागीच चाकं फिरवत बसते.

या निकषावर इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर या तिघी पुढे राहतात. तिन्ही लॅडर फ्रेमच्या आहेत. क्रिस्टाचं डिझेल इंजिन ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, स्कॉर्पिओ-एनचं ऑटोमॅटिक डिझेल ४०० आणि फॉर्च्युनरचं ऑटोमॅटिक डिझेल ५००. टॉर्क म्हणजे कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ, आणि होडीसाठी अश्वशक्तीपेक्षा तीच महत्त्वाची. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत लो रेंज गिअरही मिळतो, तो धक्क्याच्या उतारावर कामी येतो. सफारी प्रवासाला ऐसपैस आहे, पण तिची रचना मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकत्र असलेली आहे, आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. इनोव्हा हायक्रॉसचंही तेच. अर्टिगा शहरात कुटुंबाला सोयीची, पण तिच्याकडून हे काम मागू नये.

मोनोकॉक गाडी ओढू शकतच नाही, असं मात्र नाही. चाकणमध्ये बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० साठी ऑस्ट्रेलियात १,५०० किलोच्या ब्रेकवाल्या ट्रेलरची मर्यादा दिली आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या स्कॉर्पिओची मर्यादा २,५०० किलो आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकात मात्र हा आकडा सहसा छापलेला नसतो आणि परदेशी बाजारातली मर्यादा इथल्या गाडीला आपोआप लागू होत नाही. हुक, चेसिसला पडणारी छिद्रं, वायरिंग आणि वॉरंटी या सगळ्यांचा प्रश्न त्यातून उभा राहतो. काही कंपन्या मालक-पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असंच लिहितात. म्हणून शोरूममध्ये तोंडी होकार घेऊन निघू नका. या मॉडेलला भारतात किती किलोचा ट्रेलर चालतो, हे कंपनीकडून लेखी घ्या.

ट्रेलरही वाहनच

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि कलम ६१ नुसार त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. वाहन म्हटलं की विमाही आलाच. गाडीची पॉलिसी ट्रेलरला आपोआप लागू आहे असं गृहीत धरू नका. कलम ५२ मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करू देत नाही. त्यामुळे हुक बसवण्याआधी आणि वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर बनवून घेण्याआधी वडाळ्याच्या आरटीओत, म्हणजे आपल्या एमएच-०३ च्या कार्यालयात विचारलेलं बरं. आधी खर्च आणि मग नोंदणीला नकार, ही वेळ येऊ देऊ नये.

घरच्या जागेचंही पाहा. मुंबईत मोठ्या गाडीची पार्किंग जागा साधारण अडीच मीटर बाय साडेपाच मीटरची असते. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४.६६ मीटर, क्रिस्टाची ४.७३, फॉर्च्युनरची जवळपास ४.८. गाडी बसते. पण पंधरा फुटी होडी दांडीसकट ट्रेलरवर पावणेसहा मीटरच्या आसपास जाते आणि तिला दुसरी जागा लागते. दोन्ही जोडून साडेदहा मीटर होतात, म्हणजे बेस्टच्या बारा मीटरी बसपेक्षा थोडंच कमी. एवढं लांब धूड घेऊन नाहूरच्या गल्लीतून मागे यायचं म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे हाताला आधी शिकवावं लागतं. सराव मोकळ्या मैदानात करावा.

पाण्यात उतरवणार कुठे?

सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. नाहूरसमोरची खाडी दिसायला जवळ असली तरी मधली खारफुटी संरक्षित आहे. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या तोडीवर बंदी घातली. खाडीचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. तिथे मनाला येईल तशी होडी घालून गळ टाकता येत नाही. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्य सहकारी संस्थांकडे असतात. म्हणजे त्यांची परवानगी आली.

उरला कोकण किनारा. नाहूरपासून अलिबाग शंभरेक किलोमीटर. ऐरोली पूल, पेण, वडखळ हा सरळ रस्ता. तिथेही ट्रेलर थेट पाण्यापर्यंत नेता येईल असा सार्वजनिक उतार कुठे आहे, तो भरतीला मिळतो की ओहोटीला, हे बंदरावर आधी विचारून ठेवावं लागतं. होडीची नोंदणी आणि मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे बघावे लागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. खाऱ्या पाण्यात बुडालेली ट्रेलरची बेअरिंग आणि गाडीचे मागचे ब्रेक लगेच गोड्या पाण्याने धुतले नाहीत, तर एका मोसमात गंजतात.

ऐरोलीपासून मुरुडपर्यंतचे कोळी बांधव होडी गाडीमागे घेऊन हिंडत नाहीत, ती पाण्यालगतच ठेवतात. पावसाळ्याआधी ओढून काढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा पाण्यात सोडतात. लहान होडी लांब हलवायचीच झाली, तर टेम्पो भाड्याने करतात.

आमचा सल्ला

नाहूरच्या घराने गाडी घरासाठी निवडावी आणि होडी बंदरावर भाड्याच्या जागेत किंवा ओळखीच्या नाखव्याकडे ठेवावी. वर्षातून दोन वेळा ती हलवायला टेम्पो पुरतो. तेवढ्यासाठी रोज ऑफिसला न्यायच्या गाडीवर जादा पाच-दहा लाख खर्च करणं परवडणारं नाही. फुगवता येणारी रबरी होडी डिकीत मावते आणि शांत पाण्यात हौस भागवते. तरीही स्वतः ओढायचंच असेल, तर ट्रेलरसकट वजन ७५० किलोच्या आत, गाडी लॅडर फ्रेमची, माणसं पाचच आणि कंपनी व आरटीओ दोघांचं लेखी उत्तर हातात. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर हुक बसवू नका.