गांडुळाची विष्ठा : परसबागेचा तपासणी अहवाल

पावसाळ्यात वाफ्यात, कुंडीशेजारी शेवयांच्या गुंत्यासारखे मातीचे छोटे ढीग दिसतात. अनेकजण ते घाण समजून झाडून टाकतात. ती गांडुळांची विष्ठा असते.

गांडूळ माती आणि कुजका पालापाचोळा गिळते, पचवते व उरलेली माती बिळाच्या तोंडाशी टाकते. तिच्यातले नत्र, स्फुरद झाडाला सहज मिळते. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी १० टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असे डार्विनने १८८१ मध्ये लिहिले.

शिरूर-दौंड हा कमी पावसाचा पट्टा. उन्हाळ्यात गांडुळे खोल जातात. तेव्हा ढीग नसणे हा आजार नव्हे. पण ऑगस्टमध्ये ओल असूनही ढीग नसतील, तर तीन शंका घ्याव्यात : पालापाचोळा जाळला जातो, अति पाण्याने जमीन खारवली किंवा कीटकनाशक जास्त पडले.

डॉक्टर म्हणून मला तिसऱ्याची धास्ती वाटते. उसातल्या हुमणीसाठी वापरले जाणारे फोरेट गांडुळालाही मारते आणि माणसालाही. दोघांच्या मज्जासंस्थेतले एकच विकर ते बंद पाडते. देशात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. घरात जुना साठा असेल, तर भाजीच्या वाफ्यात कदापि टाकू नका. कीटकनाशक हाताळल्यावर लाळ, घाम, धाप किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन लगेच रुग्णालय गाठा.

ढीग वाफ्यातच मोडा, पण हातमोजे घालून. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात; लस दर दहा वर्षांनी घ्यावी.