तोच दिवा पुन्हा पुन्हा का जातो?

नेट-सेटच्या पहिल्या पेपरसाठी आपण सगळेच गृहीतक, चल, नियंत्रित प्रयोग यांच्या व्याख्या पाठ करतो. परीक्षेत त्यांचे गुण मिळतात. पण समोर एखादी वस्तू बंद पडली आणि 'का?' हे शोधायची वेळ आली, की यातली कुठली व्याख्या कुठे लावायची ते सुचत नाही. म्हणून या वेळी एक गावाकडचं उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावला माझे मामा राहतात. त्यांच्या छोट्या टेम्पोला बाहेरून बसवलेले डीआरएल आहेत, म्हणजे गाडी चालू असताना दिवसाही पेटते राहणारे पुढचे दिवे. आठ महिन्यांत डाव्या बाजूचा दिवा तीनदा गेला. दर वेळी नवा दिवा लावला, काही आठवडे चालला, परत गेला.

प्रश्न किरकोळ वाटेल, पण मामा पहाटे दूध घेऊन निघतात. हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात, वर थंडीतलं धुकं. डीआरएल रस्ता दिसावा म्हणून नसतो, आपण समोरच्याला दिसावं म्हणून असतो. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदच करता येत नाही, तेही याच कारणासाठी. आणि एका बाजूचाच दिवा पेटलेला टेम्पो धुक्यात मोटारसायकलसारखा दिसतो. समोरचा तेवढीच जागा सोडतो.

आता कारणं. गावात विचारलं तर पाच मिनिटांत पाच मिळतात. माल डुप्लिकेट आहे. व्होल्टेज जास्त येतोय. अर्थिंग खराब आहे. रस्त्याने हादरे बसतात. आत पाणी गेलं. पाचही शक्य आहेत, आणि अडचण तिथेच आहे. सगळंच शक्य असेल तर काहीच शोधलेलं नाही. गृहीतक कामाचं कधी ठरतं? ते काहीतरी नाकारतं तेव्हा. 'हे खरं असेल तर अमुक दिसणार नाही' असं सांगता आलं पाहिजे. तेव्हा प्रत्येक कारणाला विचारू या, की बाबा, तू काय नाकारतोस?

व्होल्टेजपासून सुरुवात करू, कारण यात गणित छान आहे. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर (गॅरेजमध्ये अजून डायनामोच म्हणतात) चार्जिंग करू लागला, की तोच आकडा १४.४ च्या आसपास जातो. वाढ फक्त १४ टक्के. आता स्वस्त डीआरएलच्या आत बघा. तीन पांढरे एलईडी एकापाठोपाठ आणि त्यांच्यासोबत एक रोधक, बस्स. प्रत्येक एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट पडतात, तिघांचे ९.६. बॅटरीच्या १२.६ मधून उरले ३.०. रोधक २० ओहमचा असेल तर प्रवाह १५० मिलिअँपिअर. इंजिन चालू झाल्यावर मात्र उरतात ४.८ व्होल्ट, आणि प्रवाह होतो २४० मिलिअँपिअर. १४ टक्के व्होल्टेजवाढीने प्रवाह ६० टक्के वाढला! एलईडीवरचा व्होल्टेजही थोडा वाढतो, त्यामुळे खरा आकडा याहून जरा कमी येईल, पण मुद्दा तोच राहतो. शिवाय एलईडी तापला की त्यावरचा व्होल्टेज उतरतो, म्हणजे प्रवाह आणखी चढतो. चांगल्या दिव्यात रोधकाऐवजी प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर असतो तो यासाठीच. 'बारा व्होल्ट' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण हा दिवा इंजिन चालू असतानाच पेटायचा आहे. म्हणजे त्याच्या आयुष्यात बारा व्होल्ट जवळपास कधी येतच नाहीत.

जुन्या तारेच्या बल्बचंही असंच आहे. त्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. कॅल्क्युलेटरवर १.०५ चा तेरावा घात काढून बघा, १.८९ येतो. पाच टक्के व्होल्टेज जास्त झालं की आयुष्य जवळजवळ निम्मं.

तर व्होल्टेजचं गृहीतक भक्कम आहे. पण ते नाकारतं काय? उजवा आणि डावा दिवा एकाच बॅटरीवर आहेत. जास्त व्होल्टेज हेच कारण असेल तर एकच बाजू सतत जाता कामा नये. डुप्लिकेट मालाचंही तसंच, कारण दोन्ही दिवे एकाच दुकानातले, एकाच प्रकारचे. तीनदा डावाच गेला, मग ही दोन्ही कारणं बाद?

थांबा. इथे विद्यार्थी हमखास घाई करतात. समजा दोन्ही बाजूंना दिवा जाण्याची शक्यता सारखीच आहे. पहिला दिवा कुठलाही जाऊ दे. दुसरा त्याच बाजूचा जाण्याची शक्यता निम्मी, तिसराही त्याच बाजूचा असण्याची निम्म्याची निम्मी. म्हणजे निव्वळ योगायोगानेही चारातून एकदा तीनही दिवे एकाच बाजूचे जातील. चारातून एकदा ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. सहाच्या सहा एकाच बाजूचे गेले असते तर शक्यता ३२ मध्ये १ झाली असती आणि बोलण्यात दम आला असता. पण त्यासाठी अजून तीन दिवे जाण्याची वाट कोण बघणार?

वाट बघण्यापेक्षा ढवळणं बरं. निरीक्षण आणि प्रयोग यातला फरक इथे नीट कळतो. डावीकडे नवा दिवा न लावता उजवीकडचा चालू दिवा काढून डावीकडे लावायचा, आणि नवा दिवा उजवीकडे. बाकी कशाला हात लावायचा नाही. पुढे डावीकडचाच गेला तर दोष जागेत आहे, म्हणजे वायर, अर्थ, उष्णता, हादरे किंवा पाणी यांपैकी कशात तरी. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. गॅरेजमध्ये मात्र बहुतेक वेळा उलटं होतं: दिवा बदलतात, त्याच वेळी होल्डर बदलतात, वायरला नवी टेप गुंडाळतात, फ्यूजही नवा टाकतात. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश. पण चारातल्या कशाने चालली हे कोणालाच कळत नाही. त्यांना गाडी लवकर द्यायची असते, त्यांचं चूक नाही. तुम्हाला मात्र कारण हवं आहे, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट.

गेलेला दिवा फेकू नका, ही दुसरी गोष्ट. तो पुरावा आहे. आमच्याकडे तीनपैकी दोन मामांनी पत्र्याच्या डब्यात ठेवले होते म्हणून बरं. उघडून पाहिलं तर आत ओल नव्हती, गंज नव्हता, सोल्डरचे जोड साबूत होते. म्हणजे पाणी आणि हादरे ही दोन कारणं निदान या दोन दिव्यांपुरती मागे पडली. तीन एलईडी एकाच साखळीत, त्यातला एक तुटला की तिन्ही विझतात. मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर प्रत्येक एलईडी वेगळा तपासला, तर दोन्ही दिव्यांत एकेकच मेलेला, बाकीचे धडधाकट. रोधकावर करपल्याची खूण नाही. सततच्या जादा प्रवाहाने मेलेल्या दिव्यात मी रोधक आणि आजूबाजूचा पत्रा काळवंडलेला असेल अशी अपेक्षा धरली असती. इथे हळूहळू भाजल्यासारखं काही नव्हतं, एखादा फटका बसल्यासारखं होतं.

आता अर्थिंग. 'अर्थ खराब आहे' हे गाडीच्या प्रत्येक विजेच्या रोगाचं आवडतं निदान आहे, त्यामुळे मला आधी त्यावर विश्वास नव्हता. कारण सरळ आहे: अर्थचा जोड खराब म्हणजे मार्गात जादा रोध, म्हणजे दिव्याला व्होल्टेज कमी. दिवा मंद होईल, लुकलुकेल. जळेल कशाने? हा आक्षेप बरोबर आहे, पण दिवा त्या स्क्रूवर एकटा असेल तरच.

डावीकडच्या अर्थच्या स्क्रूवर हॉर्नचीही वायर होती. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या अर्थ वायरला लावली. उजवीकडे आकडा जवळपास शून्य. डावीकडे हॉर्न दाबला की पाऊण व्होल्टच्या वर जायचा आणि नाचायचा. स्क्रू रंगावरच आवळलेला होता, पत्र्याशी नीट संपर्कच नव्हता. आता असा स्क्रू खड्ड्यात क्षणभर पूर्ण सुटला आणि नेमका तेव्हा हॉर्न दाबलेला असला तर काय होईल? हॉर्नमध्ये वेटोळं आहे. वेटोळ्यातला प्रवाह एकदम थांबत नाही, बारावीला शिकलेला स्वयंप्रवर्तनाचा नियम तो हाच. जमिनीकडचा रस्ता बंद झाला, तर तो प्रवाह उरलेल्या एकमेव रस्त्याने घुसतो: डीआरएलमधून, उलट्या दिशेने. एलईडी उलटा व्होल्टेज फारसा सोसत नाही. साध्या एलईडीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ५ व्होल्टची मर्यादा दिलेली असते. संरक्षक डायोड नसलेल्या स्वस्त दिव्याला असा एक फटका पुरे.

हे गृहीतक मला आवडलं, कारण ते बरंच काही नाकारतं. उजवा दिवा जाणार नाही. आत करपल्याची खूण दिसणार नाही. आणि स्क्रू साफ केला की प्रकार थांबेल.

'पण मीटरवर तो फटका दिसला का?' असं तुम्ही विचाराल. नाही, आणि दिसणारही नव्हता. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. हा फटका त्याच्या दोन नोंदींच्या मधल्या फटीत येतो आणि जातो. उपकरणाला जे दिसू शकत नाही, ते दिसलं नाही म्हणून 'घडलं नाही' असं लिहू नका. अशा घटना पकडायला ऑसिलोस्कोप लागतो. याच जातीचा पण फार मोठा फटका म्हणजे चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल सुटणं. अल्टरनेटर जोरात चार्जिंग करत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली की, त्यात फटका दाबणारी सोय नसेल तर, १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज क्षणभर ७९ ते १०१ पर्यंत जाऊ शकतं, असं धरून आयएसओ १६७५०-२ या मानकात चाचणी ठरवलेली आहे. हा क्षण ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. डायनामो चालतोय का बघायला चालू गाडीचं टर्मिनल काढून दाखवण्याची गॅरेजमधली पद्धत म्हणूनच बंद व्हायला हवी. दिव्यासोबत गाडीचा ईसीयूही जाऊ शकतो.

स्क्रूखालचा रंग खरवडला, डीआरएलची अर्थ वायर हॉर्नपासून वेगळी करून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेली. इथे मी स्वतःचाच नियम मोडला, एका वेळी दोन गोष्टी केल्या. पण पहाटेच्या धुक्यात मामा जाणार होते, तिथे नियंत्रित प्रयोगाचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. त्याची किंमत इतकीच, की दोन्हींपैकी कशाने फरक पडला ते आता सांगता येणार नाही.

त्याला पाच महिने झाले, दिवा चालू आहे. मग कारण सिद्ध झालं का? पूर्वी आठ महिन्यांत तीन, म्हणजे सरासरी २.७ महिन्यांना एक दिवा जात होता. काहीच सुधारलं नसतं, दिवे त्याच वेगाने आणि योगायोगाने जात राहिले असते, तरी सलग पाच महिने एकही न जाण्याची शक्यता किती? ई चा उणे १.८७५ वा घात, म्हणजे सुमारे १५ टक्के. एवढ्यावर कोणताही परीक्षक मान डोलावणार नाही. तोच दिवा पूर्ण आठ महिने टिकला तर शक्यता ५ टक्क्यांवर येते. जुन्या वेगाने तीन दिवे जायला हवे होते तेवढ्या काळात एकही गेला नाही, तर योगायोगाची शक्यता ५ टक्के उरते, हा ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अर्थात तीनच घटनांवरून काढलेला तो 'जुना वेग' स्वतःच डळमळीत आहे, हेही वहीत लिहून ठेवा.

याहून पक्का पुरावा म्हणजे वायर पुन्हा त्या सैल स्क्रूवर लावून दिवा जातो का ते बघणं. मामांच्या गाडीवर ते करता येणार नाही. टेबलावर करता येतं: १२ व्होल्टची बॅटरी, जुना हॉर्न, दोन-तीन स्वस्त डीआरएल, दोघांच्या सामाईक अर्थमध्ये एक स्विच, बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज आणि डोळ्यांना चष्मा. हॉर्न चालू असताना स्विच उघडायचा, प्रत्येक वेळी मोजायचा, आणि कितव्या खेपेला दिवा गेला ते लिहायचं. मग तेच हॉर्न काढून. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप मोकळा असेल तर त्याची पिन डीआरएलवर लावा. व्होल्टेज उलट्या बाजूला किती उडी मारतं ते पडद्यावर दिसेल.