दहावीची सवलत तिसरीपासूनच हवी

नववी संपत आली की पालकांची धावपळ सुरू होते. मुंबईत शीव किंवा नायर रुग्णालयात नंबर लावायचा, चाचण्या करून घ्यायच्या, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायचं आणि बोर्डाच्या फॉर्मला जोडायचं. सवलत म्हणजे दहावीच्या परीक्षेपुरती सोय, हा समज मुंबईतच नव्हे, सगळीकडे पक्का बसला आहे. या विषयातल्या सगळ्या गैरसमजांत मुलांचं सर्वांत जास्त नुकसान हाच करतो.

कायदा काही वेगळंच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. मुलाची अडचण लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलावी, हे त्यातल्या कलम १६ मध्ये आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं त्यानंतरच्या कलमात येतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षी, म्हणजे साधारण तिसरीत, निदान करता येतं. मग तिसरी ते नववी ही सात वर्षं मुलाने वर्गात कशी काढायची?

ती कशी जातात, हे फळ्यावरून उतरवून घेताना दिसतं. मूल वर बघतं, दोन अक्षरं मनात धरतं, वहीकडे वळतं. तोवर एक निसटतं. पुन्हा वर बघावं तर ओळच सापडत नाही. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’. एकटा ‘र’ किती रूपं घेतो पाहा: ‘प्रकाश’मध्ये पायाशी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘राष्ट्र’मध्ये आणखी निराळा, ‘तऱ्हा’मध्ये चौथाच. ज्याला अक्षर आणि आवाजाची सांगड घालतानाच दम लागतो, त्याच्यापुढे ही चार रूपं रोज उभी असतात. तास संपतो, फळा पुसला जातो, वही अर्धी राहते आणि वहीवर लाल शाईत शेरा पडतो: ‘आळशी आहे, लक्ष देत नाही.’

आळसाचा इथे संबंध नाही, बुद्धीचाही नाही. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिसकॅल्क्युलिया (गणितातली) असलेल्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते, काहींची त्याहून वरचढ. म्हणून तर तोंडी विचारलं की ती धडाधड सांगतात. ‘इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून झालं’ हेही खरं नाही. डिस्लेक्सिया कोणत्याही लिपीत असू शकतो. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्यामुळे मूल शब्द कसाबसा जुळवतं आणि अडचण झाकली जाते. दिसतो तो फक्त वाचनाचा मंद वेग.

वर्गात करायचं ते फार खर्चाचं नाही. फळ्यावरच्या मजकुराची झेरॉक्स द्यावी. वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्यावी. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा, शाब्दिक उदाहरण एकदा वाचून दाखवावं. काही उत्तरं तोंडी घ्यावीत. विज्ञानाच्या उत्तरातल्या ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. आणि तयारीला वेळ न देता सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहायला नको.

‘मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळाली तरी प्रश्नपत्रिका तीच राहते, उत्तरपत्रिका तपासण्याची फूटपट्टीही तीच. इतिहासाच्या पेपरात इतिहास किती कळला हे पाहायचं असतं, हात किती वेगाने चालतो हे नाही. भाषेतून सूट ही मात्र वेगळी बाब आहे. तिथे विषयच सुटतो, त्यामुळे पुढच्या शिक्षणाचा विचार करूनच ती घ्यावी.

सर्वोच्च न्यायालयानेही याकडे उपकार म्हणून पाहिलेलं नाही. २०२१ मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ परीक्षेत तासाभराचा जादा वेळ नाकारला गेला. तो तिचा हक्क होता, असं न्यायालयाने ठरवलं आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला झालेला अन्याय दूर करण्याचा आदेश दिला. लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असा निकाल त्याच वर्षी आधीच्या एका प्रकरणात आला होता.

लेखनिकाबद्दलचा समज तर अगदीच उलटा आहे. लेखनिक उत्तर सांगत नाही, तो सहसा खालच्या इयत्तेतला असतो. उत्तर मुलालाच सांगायचं असतं: पूर्ण वाक्यात, क्रमाने, विरामचिन्हांसह, आकृतीत कुठे काय दाखवायचं तेही. हे बोलणं सवयीनेच जमतं. ज्या मुलाला बोर्डाच्या पेपरात पहिल्यांदाच लेखनिक मिळतो, त्याची निम्मी शक्ती लेखनिकाला समजावण्यातच जाते. घटक चाचणीपासून ही सवय करून द्या, असं पालकांनी शाळेला सातवी-आठवीतच लेखी कळवावं.