कॉन्वीचा सौदा

ट्यूडर म्हटलं की आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या आणि पहिली एलिझाबेथ आठवतात. मला मात्र वर्षानुवर्षं ओढ लागली आहे ती या घराण्याच्या डोक्यावर मुकुट येण्याआधीच्या पिढ्यांची. वेल्सच्या वायव्येला अँगलसी बेटावर पेनमिनिद नावाचं गाव आहे, तिथलं हे कुळ. तेराव्या शतकात त्यांचा पूर्वज एडनेवेद वखन थोरला लुएलिन या वेल्श राजाचा कारभारी होता. पुढे वेल्सचं राज्य बुडालं, पण इंग्रज राजांशी जुळवून घेत या मंडळींनी जमिनी राखल्या.

त्या जमिनी गेल्या एका किल्ल्यापायी. १४०० साली ओवाइन ग्लिनदूरने इंग्रज राजवटीविरुद्ध बंड उभारलं. पेनमिनिदचे रीस आणि ग्विलिम हे भाऊ त्याचे सख्खे मावसभाऊ. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. कॉन्वीच्या किल्ल्यातली शिबंदी प्रार्थनेला चर्चमध्ये गेलेली. अ‍ॅडम ऑफ अस्क हा समकालीन बखरकार सांगतो, की रोजच्या कामाला आल्याची बतावणी करत एक सुतार दारात आला, दोन पहारेकरी मारले गेले आणि किल्ला पडला. वेल्श लोकांना धाकात ठेवण्यासाठी पहिल्या एडवर्डने बांधलेला हा किल्ला या भावांच्या चाळीसेक माणसांनी घेतला!

इथवरची गोष्ट हौसेने सांगितली जाते. पुढची सांगायला जीभ रेटत नाही. वेढा पडला, वाटाघाटी झाल्या आणि माफीच्या बदल्यात आपल्याच नऊ साथीदारांना बेसावध गाठून, बांधून शत्रूच्या हवाली केलं गेलं. त्या नऊ जणांचे हालहाल करून जीव घेतले. ही माफीही रीसला पुरली नाही. १४१२ मध्ये चेस्टरला त्याला देहदंड झाला. जमिनी बव्हंशी पुतणीच्या नवऱ्याकडे गेल्या, कारण तो वेळीच राजाला शरण गेला होता.

तिसरा भाऊ मरेदिद. त्याचा मुलगा ओवेन इंग्लंडमध्ये नशीब काढायला गेला आणि पाचव्या हेन्रीच्या विधवेशी, कॅथरीनशी, त्याने लग्न केलं. या प्रेमकथेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला महत्त्वाचा वाटतो तो १४३२ चा कागद. बंडानंतर वेल्श माणसांवर लादलेल्या जाचक कायद्यांतून ओवेनला त्या वर्षी सूट मिळाली. राणीच्या नवऱ्यालासुद्धा अशी सूट घ्यावी लागत होती! १४६१ मध्ये हेरफर्डला त्याचा शिरच्छेद झाला. बाजारातल्या क्रॉसवर ठेवलेल्या त्या शिराचे केस एका वेडसर बाईने विंचरले, चेहऱ्यावरचं रक्त धुतलं आणि भोवती शंभरावर मेणबत्त्या लावल्या.

त्याचा नातू सातवा हेन्री. १४८५ मध्ये तो पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर उतरला, कॅडवालाडर या जुन्या वेल्श राजाचा लाल ड्रॅगन झेंड्यावर घेऊन बॉसवर्थची लढाई जिंकला आणि राजा झाला. वेल्श कवींना वाटलं, भाकितातला तारणहार आला. पहिल्या मुलाचं नाव त्याने आर्थर ठेवलं. दंतकथेतला राजा त्याला जवळचा वाटला. आजोबांचे सख्खे चुलते मात्र त्याच्या दरबारी वंशकथेत मिरवण्याजोगे नव्हते.

माझ्या मते या घराण्याचं खरं वेल्शपण कॉन्वीतच सापडतं, त्यातल्या धाडसासकट आणि दग्यासकट. वेल्सच्या पदरात काय पडलं, ते १५३६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. सातव्या हेन्रीच्या मुलाच्या राज्यात झालेल्या त्या कायद्याने वेल्समधली न्यायालयं इंग्रजीत चालवली आणि इंग्रजी न वापरणाऱ्या वेल्श माणसाला सरकारी पद बंद केलं.