प्रत्येक ताप डेंग्यूचा असतो काय?

पावसाळा ओसरून दसरा-दिवाळीचा हंगाम जवळ आला, की लष्करच्या बाजारात गिऱ्हाइकांबरोबर तापकरीही वाढतात. मुनीम दोन दिवस पेढीवर दिसला नाही, की शेजारी चौकशीआधीच निकाल देतात, “डेंग्यू असेल!” हा निकाल कितपत खरा ठरतो, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

देशभरातील १८० अभ्यासांची एकत्रित छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली. लक्षणांवरून डेंग्यूचा संशय घेतलेल्या रुग्णांपैकी सरासरी ३८.३ टक्के रुग्णांतच प्रयोगशाळेने तो निश्चित केला होता. म्हणजे दहांतील सहांच्या तपासणीत डेंग्यू सिद्ध झाला नाही. त्यांतील काहींची तपासणी अवेळी झाली असेल, हे मान्य. परंतु हिवताप, विषमज्वर आणि स्क्रब टायफस यांचा आरंभही असाच असतो. त्यांवर निश्चित औषधे आहेत आणि डेंग्यूच्या समजुतीत गेलेला प्रत्येक दिवस त्या रोग्यास महाग पडतो. सराफ्यात कसोटीवर घासल्याविना सोने न घेणारे आम्ही, घरच्या माणसाच्या तापाबाबत मात्र ऐकीव भावाने व्यवहार करतो!

तपासणीलाही वेळ असते. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ चाचणी उपयोगी पडते. पुढे आयजीएम एलायझा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे आयजीएम संच सरकारी रुग्णालयांत याच कामी वापरले जातात. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून ‘नाही’ असे उत्तर आले, तर त्यावर निर्धास्त होऊ नये.

ग्वाल्हेरला हा रोग नवा नाही. २००१ च्या साथीचा अभ्यास येथल्याच संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी केला, आणि त्यांना विषाणूचा दुसरा प्रकार आढळला. असे प्रकार चार आहेत. एक होऊन गेल्याने उरलेल्या तिहींपासून कायमचे अभय मिळत नाही. उलट दुसऱ्या खेपेस दुखणे गंभीर होण्याचा संभव वाढतो. म्हणून “आम्हांस पूर्वीच होऊन गेला” या बोलण्यात आधार थोडा.

डेंग्यूच्या विषाणूवर नेमके औषध नाही. वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ व विश्रांती. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र टाळावीत. सर्वांची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेली असते. परंतु खरा धोका पुष्कळदा ताप उतरतानाच उभा राहतो. पोटात तीव्र वेदना, सतत वांती, रक्तस्राव किंवा गुंगी दिसताच रुग्णालय गाठावे.

हा डास दिवसा, म्हणजे दुकान उघडे असतानाच चावतो. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. नीट झाकलेल्या भांड्यात त्याला अंडी घालताच येत नाहीत. जीव मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस विशेष पटावे. घरातील पाण्याची भांडी झाकलेली असतात, हे खरे. पण दुकानाच्या गच्चीवरची उघडी टाकी, गोदामामागचे जुने टायर आणि उन्हाळा संपल्यावर पाण्यासकट कोपऱ्यात ढकललेला कूलर यांची आठवण दिवाळीच्या झाडलोटीपर्यंत कोणालाच होत नाही. तोवर साथ बाजारभर पसरलेली असते.