अंदाज म्हणजे कथाफोड नव्हे

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची (ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो) कथा सहसा हप्त्याहप्त्याने उलगडते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ पासून भर पडते आहे. २०२० मध्ये आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ची नवी आवृत्ती साधारण दर सहा आठवड्यांनी येते. मधल्या काळात खेळाडू पुढच्या कलाटणीचे अंदाज बांधतात. संवाद, नकाशे आणि वस्तूंवरचा मजकूर हे त्यांचे धागेदोरे.

पुष्कळांना हा प्रकार म्हणजे स्पॉयलर (कथाफोड, म्हणजे कथेतले रहस्य आधीच उघड करणे) वाटतो. दोन्हींत फरक आहे. स्पॉयलरमागे माहिती असते, अंदाजामागे तर्क.

आळेफाट्याच्या बाजारात कांदा नेणारा शेतकरी पाहा. आवक, पाऊस आणि निर्यातीचे धोरण पाहून तो ठरवतो, की माल आज विकायचा की कांदाचाळीतच ठेवायचा. पुढचा भाव त्याला ठाऊक नसतो. अंदाज बरोबर आला, तरी त्याला भाव आधी कळला होता असे कोणी म्हणत नाही.

कथेचेही तसेच. अंदाज खरा ठरला म्हणून कथा फुटली असे होत नाही. लेखकाने पेरलेल्या खुणा वाचकाला सापडल्या, एवढेच. अंदाज सांगताना तो अंदाज आहे, एवढे मात्र आधी सांगावे.